मिस्त्रींच्या मुठीतली वाळू फायलीत का उतरत नाही?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

बेळगाव परिसरातल्या उद्यमबाग, मच्छे, ऑटोनगर, होनगा या भागांतल्या कारखान्यांना कुशल माणसे मिळत नाहीत, अशी तक्रार वृत्तपत्रांतून वरचेवर वाचायला मिळते. ती खरी आहे. पण जी कुशल माणसे आज शॉपवर, म्हणजे कारखान्यात प्रत्यक्ष कामाच्या जागी, उभी आहेत तीही एकेक करून निवृत्त होत आहेत, आणि त्यांच्याबरोबर जे घरी जाते त्याची नोंद कुठेच राहत नाही, याबद्दल फारसे कुणी लिहीत नाही. कारखान्यात संगणक असतो, ऑनलाइन प्रशिक्षणाचे सॉफ्टवेअर घेतलेले असते, आयएसओ या गुणवत्ता मानकाच्या फायलींनी कपाट भरलेले असते. एवढे असूनही तीस-पस्तीस वर्षे मोल्डिंग (साचे करण्याचे काम) केलेला मिस्त्री गेला की पुढच्या पावसाळ्यात रिजेक्शन (नापास होणारा माल) वाढते आणि ते का वाढले हे कुणालाच नेमके सांगता येत नाही. हे टाळता येण्यासारखे आहे. त्याला पैशांपेक्षा वेळ जास्त लागतो. तो वेळ कुठे घालायचा एवढ्यासाठीच हे पत्र.

ओतकामातलेच, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून भाग करण्याच्या कामातले, उदाहरण घेऊ. साच्याच्या ओल्या वाळूत, म्हणजे ग्रीन सँडमध्ये, सिलिका वाळू, बेंटोनाइट (दाणे बांधणारी माती), कोळशाची भुकटी आणि पाणी असते. पाणी साधारण तीन ते चार टक्के. मिक्सरमधून वाळू खाली आली की मिस्त्री मूठभर उचलतात, आवळतात आणि मूठ उघडतात. गोळ्यावर बोटांचे ठसे स्पष्ट उमटायला हवेत, पण तळहाताला वाळू चिकटता कामा नये. मग तो गोळा दोन्ही हातांच्या बोटांत धरून मधोमध मोडतात. तुटलेली कड स्वच्छ आणि धारदार असेल तर वाळू तयार. कड भुरभुरली तर दोन शक्यता असतात. पाणी कमी असेल तर वाळू हाताला कोरडी लागते. मिक्सिंग कमी झाले असेल तर वाळू ओली लागते, तरीही कड टिकत नाही, कारण बेंटोनाइट दाण्यांवर नीट चढलेलेच नसते. मिस्त्रींना हा फरक बोटांतून कळतो. नवा मुलगा मात्र दोन्ही वेळेला पाणीच वाढवतो. जादा पाण्याची वाफ होते, आणि कास्टिंग (ओतलेला भाग) मशिनिंगला गेल्यावर आत ब्लोहोल (वायूने पडलेल्या पोकळ्या) सापडतात. तोवर त्यावर वीज, धातू आणि दोन पाळ्यांची मजुरी खर्च झालेली असते.

त्याच मुठीत तिसरी गोष्टही कळते. परत आलेली वाळू पुरेशी निवली नसेल, म्हणजे साधारण ५० अंशांच्या वर असेल, तर मिक्सरपासून साच्यापर्यंत जाईतोवर तिच्यातले पाणी उडते, आणि साचा बंद केल्यावर तीच वाफ थंड कोअरवर (कास्टिंगमधली पोकळी राखणाऱ्या वाळूच्या गाभ्यावर) किंवा चिलवर (धातू लवकर गोठवायला साच्यात ठेवलेल्या धातूच्या तुकड्यावर) जमते. ‘वाळू अजून ऊन हाय, थांब जरा’ एवढेच मिस्त्री म्हणतात. फायलीत काय लिहिलेले असते? ‘ओलावा ३.२ ते ३.८ टक्के’. आकडा बरोबरच आहे. पण कमी मिसळलेली वाळू आणि चांगली मिसळलेली वाळू, दोन्हींचा ओलावा तोच येऊ शकतो.

आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत ७.१.६ हे कलम आले. आपली प्रक्रिया चालवायला कोणते ज्ञान लागते ते संस्थेने ठरवावे, टिकवावे आणि लागेल त्याला मिळेल असे ठेवावे, असे ते सांगते. २०१८ मध्ये फक्त याच विषयाचे वेगळे मानकही आले, आयएसओ ३०४०१. बहुतेक ठिकाणी या कलमासाठी एक फाइल तयार होते, त्यात प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकांच्या प्रती लावल्या जातात आणि ऑडिट पार पडते. त्या कलमाचा खरा उपयोग करायचा तर पहिले काम कागदावरच करायचे आहे, आणि ते अर्ध्या दिवसाचे आहे.

एका मोठ्या कागदावर शॉपमधली कामे उभी लिहावीत. प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: हे काम कुणालाही न विचारता किती जणांना जमते, चुकले तर एका पाळीत किती नुकसान होते, आणि ज्याला जमते तो कधी निवृत्त होणार. ज्या कामापुढे ‘एक’ हा आकडा आहे आणि नुकसान मोठे आहे, तिथून सुरुवात. सगळेच लिहून ठेवू म्हणणारे कारखाने तीन महिन्यांत थकतात. चारशे पानांची पुस्तिका तयार होते आणि ती कुणी उघडत नाही. पहिल्या वर्षी दहा-बारा कामे नीट धरली तरी पुष्कळ झाले. कामे निवडताना रिजेक्शनचे रजिस्टर शेजारी ठेवावे. व्यवस्थापकाला जे काम महत्त्वाचे वाटते ते आणि जिथे माल वाया जातो ते, ही दोन नेहमी एकच नसतात.

निवृत्तीच्या आधी किती दिवस सुरू करायचे? शेवटच्या महिन्यात निरोप समारंभाच्या धावपळीत घेतलेल्या मुलाखतीतून फारसे हाती लागत नाही. आमच्या मते निदान दोन वर्षे आधी सुरुवात हवी, आणि त्याला कारण आहे. बेळगावचा पावसाळा लांब आणि दमट. नवी वाळू ओली येते, बेंटोनाइटची पोती ओल धरतात, कार्बन डायऑक्साइडने कडक केलेले कोअर रात्रभरात मऊ पडतात. एप्रिल-मे महिन्यांतली अडचण नेमकी उलटी: वाळू निवत नाही आणि साच्याची वरची कड वाळून झडते. मिस्त्री ऋतूप्रमाणे हात बदलतात, पण आपण बदलतो हे त्यांच्याही लक्षात नसते. त्यामुळे मे महिन्यात बसून ‘पावसाळ्यात काय करता?’ असे विचारले तर उत्तर मिळत नाही. पहिला पावसाळा त्यांच्याबरोबर उभे राहून बघायचे आणि लिहायचे. दुसऱ्या पावसाळ्यात शिकाऊ माणसाने करायचे, त्यांनी बघायचे.

विचारायचे कसे, यावर सगळे अवलंबून आहे. ‘तुम्हाला काय काय येते ते सांगा’ म्हटले की ‘अनुभवानं कळतंय की’ हे एकच उत्तर येते, आणि ते प्रामाणिक असते. त्याऐवजी टेबलावर तीन रिजेक्ट कास्टिंग आणि एक चांगले ठेवावे आणि विचारावे, ‘यात पहिल्यांदा काय दिसलं?’ हात कुठे जातो ते बघावे. बोट आधी पोचते, शब्द मागून येतात. मग पुढचे प्रश्न: हे कशावरून ओळखलेत? नवा माणूस इथे काय करून बसतो? हीच खूण असून कारण वेगळे, असे कधी झाले होते का? कोणत्या दिवशी तुम्ही नेहमीची पद्धत सोडलीत? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा, कारण नियम फायलीत असतो आणि अपवाद माणसाजवळ असतो. एका बैठकीला चाळीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नये. विचारणारा एक आणि लिहिणारा किंवा चित्रण करणारा दुसरा असावा. आणि ही बैठक कामाच्या वेळेत, पाळीच्या सुरुवातीला असावी. आठ तास भट्टीसमोर उभे राहिलेल्या माणसाला सुटीनंतर बसवून ठेवणे योग्य नाही, आणि त्यातून मिळतही काही नाही.

मिळालेले मांडायला एक जुनी रीत आहे, आणि तिच्यावर आजवर फारशी सुधारणा करावी लागलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले कसबी कामगार सैन्यात गेले आणि नवख्यांना झपाट्याने तयार करायची वेळ आली, तेव्हा १९४० ते १९४५ या काळात ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम चालला. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि तिथल्या कारखान्यांनी तो मनापासून स्वीकारला. त्यातल्या कामाच्या फोडीत मूळ दोन रकाने होते, महत्त्वाचा टप्पा आणि त्यातली मेख; त्या मेखेचे कारण हा तिसरा रकाना पुढे जोडला गेला. आपल्याकडच्या सूचनापत्रांत पहिला रकाना असतो, दुसरा अर्धा असतो आणि तिसरा नसतोच. कारण लिहिले नाही की सूचना पाळायची का हे कळत नाही, आणि घाईच्या दिवशी सगळ्यात आधी तीच गाळली जाते.

पावसाळ्यातल्या कोअरचे कार्ड कसे दिसेल ते सांगतो. टप्पा: कोअर साच्यात बसवण्याआधी तपासणे. मेख: कडेवर अंगठ्याचे नख हलके ओढा, दाणे सुटले किंवा वर पांढरी भुकटी दिसली तर कोअर बाजूला ठेवा. कारण: ओल धरलेल्या कोअरचे दाणे धातूच्या ओघाबरोबर सुटून कास्टिंगमध्ये अडकतात आणि उरलेल्या ओलीची वाफ ब्लोहोल करते, पांढरी भुकटी म्हणजे कार्बन डायऑक्साइड जास्त वेळ दिला गेला आणि बाइंडर (दाणे बांधणारा पदार्थ) कमकुवत झाला. पुढचा टप्पा: कोअर साठवणे. मेख: जून ते सप्टेंबर आजचा कोअर आजच वापरा, रॅकवर प्लास्टिक टाका, रॅक दाराकडे ठेवू नका. कारण: सोडियम सिलिकेट या बाइंडरचा कोअर हवेतली ओल ओढतो. एवढेच. एका कार्डावर सहा-सात टप्प्यांपेक्षा जास्त नकोत. वाढले तर समजावे की ती दोन कामे आहेत. कार्डाखाली सांगणाऱ्याचे नाव, तारीख, आणि पुन्हा तपासायची तारीख, सहा महिन्यांनंतरची.

ही तपासायची तारीख कुणी गंभीरपणे घेत नाही आणि तिथेच व्यवस्था सडायला लागते. बेंटोनाइटचा पुरवठादार बदलला, कोअरसाठी दुसरा बाइंडर आला, पॅटर्नमध्ये (ज्यावरून साचा करतात त्या नमुन्यात) दुरुस्ती झाली की जुने कार्ड चुकीचे होते. संगणकात नवे टाकले जाते आणि भिंतीवर जुनेच राहते. चुकीचे कार्ड हे कार्ड नसण्यापेक्षा वाईट, कारण नवा माणूस त्यावर विश्वास ठेवतो. म्हणून प्रत्येक कार्डाला एक जबाबदार माणूस हवा, आणि खरेदी विभागाने माल बदलताना त्याला कळवले पाहिजे. ‘सगळ्यांची जबाबदारी’ म्हणून ठेवलेल्या कार्डाला वाली नसतो.

आता भाषेचा प्रश्न. तो या भागात टाळून चालणार नाही. आपल्या शॉपवर मोल्डर मराठी बोलतो, शेजारचा फर्नेसवाला कन्नड, फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) हिंदी बोलणारी मुले असतात, आणि प्रशिक्षणाचे सॉफ्टवेअर इंग्रजीत असते. मुले ‘पुढे’ची बटणे दाबत शेवटच्या पानापर्यंत जातात, प्रमाणपत्र छापून निघते. यात मुलांचा दोष नाही. कार्ड ज्या भाषेत सांगितले गेले त्याच भाषेत आधी लिहावे, मिस्त्रींचे शब्द न बदलता. ‘वाळू कच्ची हाय’ याचे ‘सँड मिश्रण अपरिपक्व आहे’ असे शुद्धीकरण केले की अर्थ गेला. मग दोन्ही भाषा सहज बोलणाऱ्या शॉपवरच्याच माणसाकडून त्याचे कन्नड करून घ्यावे. असा माणूस बेळगावात प्रत्येक खात्यात सापडतो, आणि बाहेरच्या भाषांतरकारापेक्षा तो कितीतरी चांगले काम करतो. वाचायची सवय नसलेल्यांसाठी तेच कार्ड तिन्ही भाषांत आवाजात ठेवावे. पालथ्या हाताने नाक पुसत कुणी उभ्या-उभ्या पानभर वाचत नाही, पण एक मिनिट ऐकतो.

भाषेशी जोडलेली एक तांत्रिक अडचण आहे, तिने कित्येक कारखान्यांचे आणि संस्थांचे कष्ट वाया घालवले आहेत. पूर्वीची मराठी कागदपत्रे श्रीलिपीसारख्या आणि कन्नड कागदपत्रे नुडीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. पडद्यावर अक्षर देवनागरी किंवा कन्नड दिसते, पण संगणकाच्या पोटात भलतेच अक्षर असते. त्यामुळे शोधले तर सापडत नाही, मोबाइलवर उघडले तर चिन्हांचा कचरा दिसतो. नवे काही करण्याआधी ही कागदपत्रे युनिकोडमध्ये बदलून घ्यावीत, आणि बदलल्यावर जोडाक्षरे व रफार माणसाने नजरेखालून घालावेत, कारण रूपांतरात तिथेच चुका होतात. युनिकोड झाले तरी शोधाची अडचण पूर्ण संपत नाही. एकजण ‘कोअर’ लिहितो, दुसरा ‘कोर’, तिसरा ‘गाभा’. एकाचा ‘ब्लोहोल’ तर दुसऱ्याचा ‘भोक’. यासाठी शॉपमधल्या शब्दांची यादी करावी, एका दोषाला जितकी नावे असतील तितकी त्या कार्डाच्या शोधशब्दांत घालावीत. दोनशे शब्दांत एका फौंड्रीचे (ओतकामाच्या कारखान्याचे) काम भागते.

चित्रणाबद्दल थोडे. समोरून घेतलेल्या चित्रफितीत डावे-उजवे उलटे दिसते, म्हणून कॅमेरा काम करणाऱ्याच्या खांद्यामागून, त्याला जसे दिसते तसा धरावा. एक चित्रफीत म्हणजे एकच मेख, जास्तीत जास्त दीड मिनिट. मध्यम दर्जाची दीड मिनिटाची फीत पंधरा-वीस एमबीत बसते आणि साध्या फोनवर अडखळत नाही. शॉपचा आवाज इतका असतो की बोलणे ऐकू येत नाही, त्यामुळे आवाज नंतर शांत खोलीत भरावा. क्यूआर कोड कागदावर छापून मशिनवर चिकटवला की तेल आणि धूळ बसून आठ-पंधरा दिवसांत वाचेनासा होतो. पॉलिस्टरच्या लेबलवर छापून कंट्रोल पॅनलच्या बाजूला, हाताचा स्पर्श होणार नाही अशा उंचीवर लावावा. भट्टीजवळ लावूच नये. काही ग्राहकांच्या करारामुळे शॉपवर खासगी फोन चालत नाहीत. तिथे खात्यात एक टॅब्लेट साखळीने बांधून ठेवलेला बरा.

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर सगळे टाकतो, वेगळे कशाला, असा प्रश्न नेहमी येतो. रोजच्या कळवाकळवीला ग्रुप उत्तम आहे. साठवणीला नाही. मार्चमध्ये टाकलेला दोषाचा फोटो जुलैत हवा असतो, तेव्हा तो शुभेच्छांच्या ढिगाखाली गेलेला असतो, आणि सुपरवायझर नोकरी सोडतो तेव्हा फोन त्याच्याबरोबर जातो. ग्रुपवर आलेली कामाची गोष्ट आठवड्यातून एकदा उचलून कार्डात घालायची, हे काम एका नेमलेल्या माणसाला दिले तर ग्रुप हे उत्तम जाळे ठरते. आठवड्याला दोन तास पुरतात, पण ते त्याच्या कामाच्या वेळेत धरलेले हवेत.

साठवले म्हणजे शिकले, असे नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले होते की शिकलेले पहिल्या तासांतच सगळ्यात वेगाने विसरते, आणि अंतर ठेवून उजळणी केली तर ते टिकते. वर्षातून एकदा दोन दिवसांचे शिबिर घेणाऱ्यांनी याचा विचार करावा. तेच दोन दिवस पाच-पाच मिनिटांत फोडून दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने तीन-तीन प्रश्न विचारले तर खर्च तेवढाच आणि उपयोग कितीतरी जास्त. प्रश्न व्याख्येचे नकोत. दोषाचा फोटो द्यावा आणि कारण विचारावे. उदाहरणार्थ, गुळगुळीत भिंतीची गोल पोकळी वायूची. खडबडीत, काटेरी भिंतीची आणि जाड भागात सापडणारी पोकळी आकसण्याची. नवखे या दोन्हींना ‘भोक’ म्हणतात आणि एकच उपाय करतात. वायूला व्हेंट (वायू बाहेर जायची वाट) आणि कोरडा कोअर हवा, आकसण्याला रायझर (आकसताना जादा धातू पुरवणारा साठा) हवा. रायझर वाढवून ब्लोहोल जात नाहीत, फक्त धातू जास्त लागतो.

हात तयार करायचा असेल तर अंदाज आधी आणि मीटर नंतर, हा क्रम ठेवावा. शिकाऊ माणसाने मूठ आवळून, गोळा मोडून वाळूच्या कॉम्पॅक्टेबिलिटीचा आकडा स्वतः वहीत लिहायचा. मग चाचणी करायची: नळीत चाळून भरलेली वाळू तीन ठोके दिल्यावर जेवढे टक्के खाली बसते तो आकडा. मग मिस्त्रींनी एका वाक्यात शेरा द्यायचा, ‘तळव्याला चिकटालीय, बघितलंस?’ असे रोज तीन-चार बॅचला महिनाभर केले की त्याचा अंदाज आणि मीटर जवळ येताना वहीतच दिसते. मीटर आधी दाखवला तर मुलगा आकडा वाचायला शिकतो, वाळू ओळखायला नाही. या वहीला पाच मिनिटे लागतात आणि कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा तिचा उपयोग जास्त आहे, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

मशीन शॉपमध्येही अशीच जागा आहे. सीएनसीवरून काढलेला गरम जॉब लगेच मोजला तर व्यास मोठा भरतो, ऑपरेटर ऑफसेट (हत्यार कुठे कापेल ते ठरवणारा आकडा) कमी करतो, आणि थंड झाल्यावर जॉब लहान निघून भंगारात जातो. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढते. १०० मिलिमीटरच्या व्यासाला दहा अंशांचा फरक म्हणजे अकरा-बारा मायक्रॉन. हायड्रॉलिकच्या स्पूलला (तेलाचा प्रवाह वळवणाऱ्या दांड्याला) एवढा फरक चालत नाही. जुना सेटर (मशीन जुळवून देणारा) जॉब गार होईपर्यंत दुसरे काही करत राहतो. ते बघणाऱ्याला तो रेंगाळतोय असे वाटते.

हे फक्त कारखान्यांचे नाही. बेळगाव, निपाणी, संकेश्वर इथल्या पतसंस्थांत कर्ज तपासणारा जुना लेखनिक हाही मिस्त्रीच असतो. दोन्ही राज्यांत कार्यक्षेत्र असलेल्या मल्टिस्टेट संस्थेत एका सभासदाची जमीन हुक्केरी तालुक्यात तर दुसऱ्याची चंदगडात. एकाची पहाणी (कर्नाटकातला जमिनीचा उतारा) कन्नडमध्ये, दुसऱ्याचा सातबारा मराठीत. इकडे कर्नाटकात बोजा बघायला उपनिबंधकाचा ‘ईसी’ (बोजाचा दाखला) काढायचा, त्यात नमुना १५ म्हणजे नोंदी आहेत आणि नमुना १६ म्हणजे त्या काळात नोंद नाही; तिकडे महाराष्ट्रात सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बघायचे. ईसी कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत काढला आहे हे बघणे ही त्यातली मेख, कारण नोंद नाही एवढेच वाचून, कालावधी न बघता प्रकरण पुढे गेले की बोजा मागच्या वर्षांत लपलेला राहतो. हे एका पानाचे कार्ड आहे, आणि ते संस्थेत कुठेही लिहिलेले सापडत नाही.

उपयोग झाला की नाही हे कसे मोजायचे? सॉफ्टवेअर ‘१०० टक्के कर्मचाऱ्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला’ असा हिरवा तक्ता दाखवते. त्याने काही सिद्ध होत नाही. नवा माणूस कुणाला न विचारता पूर्ण पाळी किती दिवसांत सांभाळू लागला, त्या कामातला तोच दोष पुन्हा आला का, आणि पावसाळ्यातले रिजेक्शन मागच्या पावसाळ्याच्या तुलनेत किती, हे बघावे. जूनची तुलना मे महिन्याशी करू नये. वाळू वेगळी, हवा वेगळी.

मिस्त्रींच्या मनातली भीती मात्र कोणत्याही तक्त्यात येत नाही. ‘सगळं सांगून टाकलं की मला कोण विचारणार?’ ही शंका रास्त आहे आणि तिला गोड बोलून उत्तर देऊ नये. झेरॉक्स कंपनीने १९९० च्या दशकात यंत्रदुरुस्ती करणाऱ्यांच्या युक्त्या गोळा केल्या, तेव्हा प्रत्येक युक्तीखाली सांगणाऱ्याचे नाव ठेवले होते आणि ती आधी त्याच कामातल्या जाणकारांनी तपासली होती. आपल्याकडेही कार्डावर नाव हवे, बैठकांच्या वेळेचा पगार हवा, आणि निवृत्तीनंतर वर्षभर आठवड्यातून दोन दिवस शिकवण्याचा लेखी करार हवा. या तीनही गोष्टी न देता ज्ञान मागायला जाणे हा अन्याय आहे. एका मोठ्या पावसाळी लॉटचे रिजेक्शन वाचले तरी हा सगळा खर्च निघतो, हे मालकांनी आपल्याच वहीत मांडून बघावे.

वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्याला हे एकट्याने जमणार नाही, हे मान्य. पण वाळू, कोअर, लॅडलची (वितळलेला धातू नेण्याच्या भांड्याची) दुरुस्ती, भट्टीजवळची सुरक्षितता यांत कुणाचे गुपित नसते. ही कार्डे सामाईक होऊ शकतात. उद्यमबागेत फौंड्री क्लस्टर आहे, शहरात पॉलिटेक्निक आणि आयटीआय आहेत, मच्छेला विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या प्रत्येक जोडीला इंटर्नशिपमध्ये दोन-दोन मिस्त्री वाटून द्यावेत: एकाने विचारायचे, एकाने चित्रण करायचे, आणि तीन महिन्यांत चार कार्डे मराठीत, कन्नडमध्ये आणि हिंदीत तयार करून द्यायची. तपासणी दुसऱ्या कारखान्याच्या मिस्त्रींनी करायची. उद्योजकांच्या संघटनांनी या कामासाठी एक पूर्णवेळ माणूस नेमावा, ही आमची स्पष्ट मागणी आहे.

आणि ही नेमणूक मे संपायच्या आत व्हावी. मृग लागला की वाळू बदलते, आणि यंदा निवृत्त होणाऱ्या मिस्त्रींचा शॉपवरचा तो शेवटचा पावसाळा असेल.

आपला,
औद्योगिक प्रशिक्षणाच्या कामातील एक वाचक,
बेळगाव